खुराक आणि काटा

कोल्हापुरात पैलवानाचा देह ‘कमावलेला’ असतो आणि बाईचं अंग ‘सुटलेलं’. मंगळवार पेठेत मी लहानाची मोठी झाले, शाळेत तीस वर्षं मुलांना शास्त्र शिकवलं, तरी या दोन शब्दांत काय दडलंय ते कळायला भाचीचं पहिलं बाळंतपण यावं लागलं.

आमची पेठ देहाच्या कौतुकावर वाढलेली. 1902 साली युरोपात गेलेल्या शाहू महाराजांनी रोमचं प्राचीन गोल प्रेक्षागार पाहिलं आणि तसं मैदान आपल्या पैलवानांसाठी बांधायचं मनात घेतलं. 1912 साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. पाटाकडील, बालगोपाल या तालमींची नावं आता फुटबॉलसाठी जास्त घेतली जातात, पण अंगापिंडानं भरलेला पोरगा मिरजकर तिकटीकडनं येताना दिसला की कट्ट्यावरचा म्हातारा आजही हातातला पेपर खाली करतो. “काय देह कमावलाय पोरानं!” शंभर किलोच्या पुरुषाला इथं मान आहे. त्याच्या वजनात लोकांना मेहनत दिसते, दूध-बदाम दिसतात, वस्तादाची नजर दिसते.

भाची सातव्या महिन्यात माहेरी आली. रिक्षातून उतरून पायरी चढते न चढते तोच शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं बाई, किती सुटलीस गं! जुळं हाय का काय?” काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिच्यासाठी डिंकाचे लाडू पाठवले. पण त्या रात्री पोरीनं अर्ध्या भाकरीवर हात धुतला. पुढच्या तपासणीच्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं, त्याच्या पुढच्या वेळी पाऊस आडवा आला. तिसऱ्यांदा मीच तिला घेऊन निघाले, तेव्हा कारण समजलं.

दवाखान्यात वजनाचा काटा बाहेरच्या बोळात, बाकड्यांच्या समोर ठेवलेला. बाकड्यांवर दहा-बारा बायका, त्यांच्या सासवा, दोन-तीन नवरे. पोरीनं चपला काढल्या, हातातली पर्स माझ्याकडे दिली, गळ्यातली ओढणीसुद्धा काढून दिली आणि श्वास धरून काट्यावर उभी राहिली. नर्सनं आकडा मोठ्यानं म्हणून दाखवला, आत लिहून घेणाऱ्या मुलीला ऐकू जावा म्हणून. सगळं बाकडं वळून बघायला लागलं. मग रक्तदाब. दंडाला गुंडाळलेला पट्टा दोनदा फडकन सुटला, तिसऱ्यांदा नर्सनं तो हातानं दाबून धरला. दाब जास्त निघाला. “वजनच एवढं, मग बीपी येणारच की,” एवढं बोलून तिनं कार्डावर आकडा टाकला. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, “आत्या, मी पुन्हा नाही यायची इथं.”

मी शास्त्राची शिक्षिका, म्हणून त्या सुटणाऱ्या पट्ट्यापाशीच माझं मन अडकलं. घरी येऊन वाचायला बसले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. रक्तदाबाच्या पट्ट्यात हवेची पिशवी असते. ती दंडाच्या घेराच्या साधारण 80 टक्के भागाला वेढायला हवी. पिशवी अपुरी पडली तर आतली धमनी दाबण्यासाठी जास्त हवा भरावी लागते आणि यंत्र ती जास्तीची हवा रक्ताचा दाब म्हणून दाखवतं. 2023 साली अमेरिकेत याची रीतसर चाचणी झाली. ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी 19.5 मिलिमीटरनं जास्त आला. गरोदरपणात 140/90 ही रेघ आहे. ती ओलांडली की गोळ्या सुरू होतात, दवाखान्यात भरती करावं लागतं, कळा लवकर आणायच्या का, सिझेरियन करायचं का, याचा विचार सुरू होतो. म्हणजे पट्ट्यातली पिशवी आखूड पडली म्हणून एका बाईच्या पोटावर सुरी चालू शकते. उलटंही तितकंच खरं. काटकुळ्या दंडाला मोठा पट्टा बांधला तर दाब कमी दिसतो, आणि जिला खरोखरच गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार सुरू झालाय ती “सगळं छान आहे” ऐकून घरी जाते.

वजनाचा बाळंतपणाशी काही संबंध नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. गरोदर राहण्याआधीच वजन बरंच जास्त असेल तर गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब होण्याची शक्यता वाढते, पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याची भीती वाढते, कळा लांबतात, सिझेरियनची वेळ जास्त येते आणि त्याचा टाका भरून यायला वेळ लागतो. सोनोग्राफीत ध्वनिलहरी चरबीच्या थरातून जाताना क्षीण होतात, म्हणून बाळाचं हृदय, पाठीचा कणा नीट दिसायला जास्त वेळ द्यावा लागतो, कधी आठवड्यानं पुन्हा बोलवावं लागतं. पाठीत भूल द्यायची तर मणक्यांमधली जागा बोटांना पटकन सापडत नाही. हे सगळं आईला आधी, शांतपणे, बसवून सांगायची गोष्ट आहे. भूलतज्ज्ञाला आठवडाभर आधी दाखवलं, साखर वेळेवर तपासली, पट्टा योग्य बांधला, तर यातल्या पुष्कळ अडचणींची तयारी करून ठेवता येते. अशा बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात. वाढलेला धोका म्हणजे ठरलेलं संकट नव्हे, एवढं तरी तिच्या कानावर पडायला हवं.

आणि वाढलेलं वजन म्हणजे सगळी चरबी नव्हे. नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वाढले तर त्यातले तीनेक किलो बाळ, अर्धा-पाऊण किलो वार, जवळजवळ किलोभर गर्भजल, किलोभर वाढलेलं गर्भाशय, दीडेक किलो नवं रक्त, तितकंच अंगातलं पाणी, अर्धा किलो स्तनांचं. उरलेली चरबी शरीर दुधासाठी राखून ठेवतं. काकूंनी ज्याला ‘सुटणं’ म्हटलं त्यातलं निम्म्याहून जास्त तर बाळ आणि बाळाचं घर होतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं 2009 साली ठरवलेल्या मोजमापानुसार बारीक बाईनं गरोदरपणात साडेबारा ते अठरा किलो वाढावं, मध्यम बांध्याच्या बाईनं साडेअकरा ते सोळा, जास्त वजनाच्या बाईनं सात ते साडेअकरा आणि स्थूल बाईनं पाच ते नऊ. आकडे तिथल्या बायकांवरून काढलेले, आपल्याला तसेच्या तसे लागू नाहीत. पण स्थूल बाईचंही वजन गरोदरपणात वाढायलाच हवं, उपास करून ते उतरवायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. अर्ध्या भाकरीवर हात धुणाऱ्या आमच्या पोरीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

बारीक बाईकडे मात्र आपलं लक्षच जात नाही. बारीक असणं हा तर लग्नाच्या जाहिरातीतला गुण. ‘सडपातळ’ या एका शब्दात किती पोरींचा रक्तक्षय झाकला गेला असेल! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 24 टक्के जास्त वजनाच्या निघाल्या, 18.7 टक्के कमी वजनाच्या, आणि 57 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी. एक साधं गणित मी मुलांना फळ्यावर करून दाखवायचे. माणसाच्या अंगात दर किलोमागे साधारण 70 मिलिलिटर रक्त असतं. 60 किलोच्या बाईत सव्वाचार लिटर, 40 किलोच्या बाईत पावणेतीन लिटरच्या आसपास. गरोदरपणात दोघींचंही वाढतं, पण अंतर राहतंच. बाळंतपणात दोघींचं अर्धा-अर्धा लिटर रक्त गेलं, तर पहिलीचा आठवा हिस्सा गेला, दुसरीचा सहाव्याहून जास्त. त्यात दुसरीचं रक्त मुळातच फिकं असेल, तर तोच अर्धा लिटर जिवावर बेततो.

कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात ही दुसरी बाई दर हंगामात दिसते. बीडकडनं तोडणीला आलेल्या टोळ्यांतली, पाचव्या-सहाव्या महिन्यातली, डोक्यावर मोळी घेऊन फडातनं ट्रॉलीवर फळीनं चढणारी. तिला कुणी ‘सुटलीस’ म्हणत नाही. तिच्या डोक्यावरचं वजन मोजलं जातं, तिचं स्वतःचं नाही.

अशा बायकांचं वजन शिस्तीनं आणि वर्षानुवर्षं मोजलं ते आपल्याच राज्यात, पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे डॉक्टर. त्यांच्यासमोर येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिल्यासारखे लठ्ठ आणि म्हातारे नसायचे. तरुण असायचे, पुष्कळदा बारीक दिसायचे. मग यांना मधुमेह का? उत्तर शोधायला त्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. दिवस जाण्याआधीपासून त्यांची उंची, वजन, खाणं, काम सगळं नोंदवलं, आणि बाळ जन्मलं की त्याच्या अंगाची चिमटीत धरून जाडी मोजली. आया सरासरी दीड मीटर उंचीच्या, जेमतेम चाळीसेक किलोच्या, दिवसाकाठी सुमारे 1,800 कॅलरी आणि 45 ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्या. बाळं सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची.

इथवर नवल नाही. लहान आयांची लहान बाळं. खरं आश्चर्य चिमटीत सापडलं. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, डोकं थोडं लहान. पण पाठीवर, खवाट्याखाली असलेली चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच. म्हणजे 2.7 किलोच्या त्या जिवात काटकसर सगळीकडे झाली, चरबीत नाही. ‘बारीक पण चरबीचं’ असं हे भारतीय बाळ जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत पुण्याच्या नावानं गेलं. साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी, गर्भात उपाशी राहिलेल्याला पुढे हृदयरोग आणि मधुमेह जास्त होतो असं आधीच मांडलं होतं. पुण्याच्या बाळांनी त्याला हाडामासाचा पुरावा दिला. पोटात असतानाच ज्याला अन्न अपुरं पडतं ते शरीर मिळेल ते चरबीत साठवून ठेवायला शिकतं. पुढे शहरात आलं, बसून काम करायला लागलं, दोन वेळा पोटभर जेवायला लागलं की तेच शिकलेलं त्याच्यावर उलटतं.

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, अगदी एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. शर्ट घातलेली दोन मध्यमवयीन माणसं शेजारी उभी आहेत, काटा दोघांना एकच आकडा देतो, आणि आतला हिशेब दुपटीहून वेगळा. माझ्या मते प्रत्येक प्रसूतिगृहाच्या काट्यावर हा फोटो चिकटवायला हवा. ‘सडपातळ’ म्हणून जिची साखर तपासायचं राहून जातं तिला गरोदरपणातला मधुमेह असू शकतो, आणि ‘जाड’ म्हणून जिला हिणवलं तिची साखर पूर्ण ठीक असू शकते. म्हणूनच आपल्याकडे आता प्रत्येक गरोदर बाईची, बांधा न बघता, साखर तपासायची असं सरकारी धोरण आहे: 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला द्यायचं, दोन तासांनी रक्त घ्यायचं, 140 किंवा वर आलं की उपचार. उपाशीपोटी यायचीही गरज नाही. पहिल्या भेटीत एकदा, मग सहाव्या महिन्याच्या सुमाराला पुन्हा.

बीएमआयच्या आकड्याचा जन्मही सांगण्यासारखा आहे. बेल्जियमच्या अडॉल्फ केतलेनं 1832 साली माणसांच्या उंचीवजनाचं नातं मांडलं ते ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायला. तो खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. कुणाच्या तब्येतीचा निकाल लावणं त्याच्या मनातही नव्हतं. 1972 मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीजनं त्या गणिताला आजचं नाव दिलं, तेव्हा त्यानं मोजलेली सात हजारांहून अधिक माणसं सगळी पुरुष होती. त्या हिशेबात गर्भाशय नव्हतं, वार नव्हती, पोटातलं बाळ नव्हतं. समूहाचा अंदाज घ्यायला तो आकडा कामाचा आहे, आपल्याकडे तर धोक्याची रेघ 25 ऐवजी 23 वर आणून तो वापरतातही. पण समोर उभ्या असलेल्या एका बाईचं आरोग्य त्यात मावत नाही.

पुण्याच्या अभ्यासातल्या आणखी तीन गोष्टी मला पेठेतल्या प्रत्येक घरात सांगाव्याशा वाटतात. पहिली, बाळाचं वजन आईनं किती कॅलरी खाल्ल्या त्यापेक्षा तिनं काय खाल्लं याच्याशी जास्त जुळलं: पालेभाजी, फळं, दूध. दुसरी, ज्या आया पाणी भरणं, शेतातलं जड काम शेवटपर्यंत करत राहिल्या त्यांची बाळं लहान निघाली. तिसरी, निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी होतं, जे मिळतं दूध, अंडी, मटण-मासे यांतून. आमच्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पेल्यावर पेले संपतं. तिथं उभ्या असलेल्यांत पैलवान असतात, कॉलेजची पोरं असतात, बाहेरगावचे पाहुणे असतात. सातव्या महिन्यातली बाई मी तिथं कधी पाहिली नाही. घरात दूध आलं तरी ते आधी मुलांना, मग पुरुषांना, मग चहाला. तिच्या वाट्याला भांडं धुतलेलं पाणी.

आता बोलण्याच्या जखमेविषयी. “एवढंसं बोललं तर काय झालं, भल्यासाठीच बोलतो” हे मी स्वतःही म्हटलेलं आहे, शाळेतल्या मुलींना. म्हणून हे लिहिताना मला जड जातंय. अमेरिकेतल्या अँजेलिना सुटिन यांनी दोन मोठ्या पाहण्यांतल्या अठरा हजारांहून अधिक माणसांची माहिती 2015 मध्ये तपासली. वजनावरून भेदभाव सोसल्याचं ज्यांनी सांगितलं त्यांच्यात पाहणीच्या काळात मरण पावण्याचा धोका जवळजवळ 60 टक्क्यांनी जास्त निघाला, आणि तो त्यांचं प्रत्यक्ष वजन, आजार, सवयी सगळं हिशेबात धरूनही. ही पाहणी आहे. बोलण्यानंच माणूस मेला असं त्यातून सिद्ध होत नाही. पण वाट कुठली असावी हे समजायला अवघड नाही. लाज वाटली की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं, कॉर्टिसॉल भूक वाढवतं आणि पोटावर चरबी साठवतं. लाजेनं माणूस चोरून खातो. लाजेनं तो बागेत चालायला जात नाही, लोक बघतील म्हणून. आणि लाजेनंच तो डॉक्टरकडे जायचं टाळतो. जॅनेट टोमियामा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे चक्र मांडून दाखवलंय: हिणवल्यानं वजन उतरत नाही, वाढतं. त्यांच्याच सोबतीनं अँजेला इन्कोलिंगो रॉड्रिग्ज यांनी 2019 मध्ये गरोदर आणि बाळंत बायकांकडे पाहिलं. ज्यांना वजनावरून जास्त ऐकावं लागलं त्यांच्यात बाळंतपणानंतरचं नैराश्य जास्त होतं, आणि वर्षानंतरही उतरायचं राहिलेलं वजन जास्त होतं. 2020 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ‘नेचर मेडिसिन’मध्ये एकमुखानं लिहिलं, की वजन म्हणजे केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न ही समजूत विज्ञानाला धरून नाही.

आमच्या पोरीनं दोन तपासण्या चुकवल्या होत्या. सातव्या-आठव्या महिन्यात, ज्या काळात रक्तदाब आणि साखर दोन्ही डोकं वर काढतात, नेमक्या त्याच. वजनामुळे तिला काही झालं असतं की बोळातल्या काट्यामुळे?

खुराक हा शब्द आपण दोघांसाठीच वापरतो, पैलवानासाठी आणि बाळंतिणीसाठी. डिंक, अळीव, मेथीचे लाडू, खारीक-खोबरं, तूप. दोन्हींमागचा विचार एकच होता, झिजलेल्या देहाला उभं करायचं. आपल्या आज्यांच्या काळी बाळंतीण बारीक असायची, रक्त गेलेली असायची, पुन्हा चाळीस दिवसांत विहिरीवर आणि शेतात जायची. तिला तो खुराक हवाच होता, आणि आजही डोंगराकडच्या गगनबावड्या-राधानगरीतल्या कितीतरी जणींना हवा आहे. पण पैलवानाच्या खुराकाला तालीम असते. हजार जोर, हजार बैठका असतात. त्याला रोज बघणारा वस्ताद असतो, जो म्हणतो, “आज दूध कमी कर, अंग जड पडलंय.” मेहनत सुटली आणि खुराक चालू राहिला तर पैलवानाचं काय होतं ते पेठेत सगळ्यांनी पाहिलंय, चाळिशीनंतर साखर, गुडघे, हृदय. बाळंतिणीला आपण खुराक देतो आणि मेहनत बंद करतो. सव्वा महिना खोलीत, वारा नको, पाणी नको, पालेभाजी तर नकोच, बाळाचं पोट दुखेल म्हणून. वर त्याच घरातनं तिसऱ्या महिन्यात आवाज येतो, “पोट अजून आत गेलं नाही तुझं.” नैसर्गिक बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती घरातल्या घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर चालू शकते, सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून थोडं उशिरानं. लाडू दोनाचा एक करा आणि त्याच्याबरोबर मेथीची भाजी, डाळ, अंडं, दूध द्या. पट्ट्यानं पोट आवळून चरबी जात नाही, फक्त टाक्याला आधार वाटतो. बाळाला अंगावर पाजताना तिची रोज चारपाचशे कॅलरी ऊर्जा खर्च होते, ती भरून निघायला हवी. जास्त वजनाच्या आईला दूध कधी एखादा दिवस उशिरा उतरतं, तेव्हा शेजारणीनं “एवढी जाड, आणि दूध नाही?” म्हणायचं नसतं. बाळाला छातीशी धरून वारंवार लावत राहिलं की बहुतेकदा दूध येतं.

तालमीकडनं आपल्याला शिकायचं असेल तर मला हे शिकावंसं वाटतं. वस्तादाला प्रत्येक पोराचं वजन तोंडपाठ असतं, पण ते चारचौघांत ओरडायला नाही. त्याला जोड लावायची असते. कुणाची कुस्ती कुणाशी, कुणाला किती खुराक, कुणाच्या गुडघ्याला विश्रांती. याच कोल्हापुरात शिकताना कुस्ती पुढे नेलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिलं, ते 57 किलो गटात. त्यांचं वजन कुणाला कमी वाटलं नाही. त्या वजनाची जोड लागली, एवढंच. शंभर वर्षांपूर्वी, शाहू महाराजांच्या पाठबळानं शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर याच गावात, आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयात बायकांवर उपचार करत होत्या. पुरुष डॉक्टरसमोर अंग उघडं करायला लाजणाऱ्या बायका बाई-डॉक्टर आहे म्हटल्यावर दवाखान्याची पायरी चढायच्या. लाजेचं कारण दूर केलं की बाई दवाखान्यात येते, हे या गावाला तेव्हाच कळलेलं आहे.

भाची सुखरूप बाळंत झाली, आम्ही डॉक्टर बदलल्यावर. तिथं काटा आत, पडद्यामागं होता. डॉक्टरीणबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला नाही, कार्डावर लिहिला आणि विचारलं, “मधल्या दोन तपासण्या राहिल्यात, काय झालं?” पोरगी रडली. बाईंनी तिला रडू दिलं. मग टेबलाच्या खणातनं रुंद पट्टा काढून दंडाला बांधला, पाच मिनिटं तिला पाठ टेकून गप्प बसवलं आणि दाब घेतला. तो रेघेच्या बराच आत होता. ग्लुकोजची तपासणी मात्र काठावर निघाली. खाण्यात फेरबदल आणि जेवणानंतर वीस मिनिटं चालणं, एवढ्यावर भागलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघी खासबागेच्या भिंतीकडनं एक फेरी मारायचो. काकू दारात बसलेल्या असायच्या. पहिले चार दिवस त्या काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी पायात चपला सरकवून उठल्या आणि म्हणाल्या, “थांबा गं पोरींनो, मी बी येते.”

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती पुण्यात होती. पहिल्या तपासणीहून आल्यावर तिनं फोन केला. नर्सनं नेहमीचा पट्टा बांधायला घेतला, तेव्हा हिनं हात मागं घेतला आणि विचारलं, “ताई, मोठा पट्टा आहे का तुमच्याकडे?” दोन खोल्या शोधून नर्सनं तो आणला म्हणे, कपाटाच्या तळातनं, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेला.